कॉम्प्रेस म्हणजे नेमकं काय? ट्रेन सिम्युलेटरची ‘डॉट एस’ फाइल उघडताना

ट्रेन सिम्युलेटरच्या एपिसोडनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. “दादा, इंजिनाचं मॉडेल डाउनलोड केलं, त्यातली डॉट एस फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसते चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं दिसतात. बनवणाऱ्याने लॉक केलीय का?”

नाही हो. लॉक नाही, पासवर्ड नाही, काही नाही. फाइल फक्त कॉम्प्रेस केलेली आहे. पण इथेच खरा गोंधळ सुरू होतो, कारण ट्रेन सिमच्या दुनियेत ‘कॉम्प्रेस’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. कुठली गोष्ट झालीय हे कळलं नाही, तर माणूस चुकीचं टूल लावतो आणि जुन्या मॉडेलची हाती असलेली एकुलती एक प्रत बिघडवून बसतो. म्हणून आज फक्त एवढंच बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण बोलतोय मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरबद्दल, म्हणजे एमएसटीएस. हा गेम २००१ साली आला, बनवला होता इंग्लंडच्या कुजू एंटरटेनमेंटने. दोन सीडींवर यायचा. मूळ गेममध्ये सहा मार्ग: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल आणि ऑस्ट्रियातला इन्सब्रुकहून निघणारा डोंगरातला मार्ग. भारत त्यात नव्हताच. तरी आपल्याकडच्या हौशी मंडळींनी डब्ल्यूडीएम-२ बनवलं, डब्ल्यूएपी-४ बनवलं, आयसीएफचे निळे डबे बनवले, सगळं स्वतःच्या वेळात आणि फुकट वाटायला. पुढे मायक्रोसॉफ्टने दुसरा भाग जाहीर केला, पण २००९ च्या जानेवारीत तो बनवणारा स्टुडिओच बंद करून टाकला. तोवर जगभरात एमएसटीएसच्या मॉडेल्सचा ढीग साचला होता. ती मॉडेल्स आज जिवंत आहेत ती मुख्यतः ओपन रेल्समुळे. हा मोफत, खुल्या सोर्सचा सिम्युलेटर आहे, १.० आवृत्ती २०१४ ची, आणि तो एमएसटीएसच्याच फाइल्स वाचतो.

आता इंजिनाचं फोल्डर उघडा. डॉट एन्ग असेल, त्यात इंजिनाची ताकद, ब्रेक, वजन वगैरे. डॉट एस म्हणजे शेप, खुद्द त्रिमितीय आकार. डॉट एस-डी ही त्या शेपची छोटी सोबतीण. आणि डॉट एस म्हणजे वर चढवायचा रंग नव्हे हं, रंगाची चित्रं डॉट एसीई फाइल्समध्ये असतात, त्यांना सगळे ‘एस’च म्हणतात आणि ऐकताना घोळ होतो. म्हणून आज मी आकाराच्या फाइलला शेप म्हणतो आणि चित्राच्या फाइलला टेक्स्चर.

शेप फाइल मुळात साधा मजकूर असू शकते. खरंच, वाचता येईल असा. त्यात कंसांच्या आत कंस असतात: पॉइंट, कंस सुरू, १.२५, ०.७५, उणे ३.५, कंस बंद. म्हणजे एक बिंदू, मीटरमध्ये. असे शेकडो, हजारो बिंदू. मग त्यांचे त्रिकोण, टेक्स्चरची नावं, आणि हलणाऱ्या भागांची नावं: मेन, बोगी१, व्हील्स११, पेंटोग्राफचे तुकडे. (आपण मराठीत अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची फिरती चौकट. या फाइलमध्ये तोच अर्थ आहे. ‘बोगी१’ शोधताना डबा शोधू नका.)

हा मजकूर युटीएफ-१६ मध्ये असतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला २ बाइट. मघाशी सांगितलेली एक पॉइंटची ओळ मोकळ्या जागा धरून २४ अक्षरांची होते, म्हणजे ४८ बाइट. आणि सांगायचं काय होतं? तीन आकडे. इथे पहिलं कॉम्प्रेशन येतं.

पहिला अर्थ: शब्दांच्या जागी नंबर. याला टोकन लावणं म्हणतात. रेल्वेतलंच उदाहरण घ्या. ‘मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन’ एवढं लांबलचक म्हणायच्या ऐवजी तिकिटावर १२१२३ छापतात. शेपच्या बायनरी रूपात हेच होतं. ‘पॉइंट’ हा शब्द जातो आणि एक ठरलेला नंबर येतो. पुढे तो ब्लॉक किती लांब आहे ते, त्याला नाव असेल तर त्या नावाची लांबी, आणि मग तीन आकडे प्रत्येकी ४ बाइटचे. सगळं मिळून २१ बाइट. ४८ चे २१ झाले, अजून झिप वगैरे काही केलेलं नाही. पण १२१२३ हा नंबर ज्याच्याकडे टाइमटेबल आहे त्याच्याच कामाचा. तसंच टोकनचं. कुठल्या नंबराचा कुठला शब्द, हा तक्ता टूलकडे नसेल तर बायनरी फाइल म्हणजे नुसते आकडे.

दुसरा अर्थ: खरंखुरं दाबणं. बायनरी झालेली फाइल झेडलिबमधून काढतात. झेडलिब ही १९९५ मधली लायब्ररी, ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची. तुमच्या फोनमधल्या पीएनजी चित्रांमध्ये आतून जी पद्धत असते तीच ही, तिचं नाव डिफ्लेट. युक्ती अगदी घरगुती आहे. सरकारी कागदात एकच पत्ता चार ठिकाणी लागला, की पहिल्यांदा पूर्ण लिहितात आणि पुढे ‘वरीलप्रमाणे’. डिफ्लेट तेच करतं: ‘मागे इतके बाइट जा, तिथून इतके उचल.’ आणि जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा कोड देतं. शेपमध्ये तेच ते टोकन हजारदा येतं, त्यामुळे ‘वरीलप्रमाणे’ला भरपूर वाव असतो.

तिसरा अर्थ टेक्स्चरचा आहे, त्याकडे येतो. आधी हे दोन नीट वेगळे करून ठेवा, कारण टूलमधलं एक बटण दोन्ही कामं एका झटक्यात करतं आणि आपल्याला वाटतं एकच काम झालं. झेडलिबचं दाबणं शंभर टक्के परत उलगडतं, एक बिटसुद्धा हरवत नाही. टोकनचं तसं नाही. मजकुरातली मांडणी, रिकाम्या ओळी, समासातली जागा जाते. आकडे ३२-बिट दशांशात बसवले जातात, त्यामुळे दहा-बारा अंकी दशांश लिहिला असेल तर शेवटचे अंक बदलू शकतात. इंजिन त्याने वाकडं होत नाही, पण अन्कॉम्प्रेस केल्यावर हाती येतो तो मूळ मजकूर नसतो, टूलने नव्याने लिहिलेला मजकूर असतो. तुम्ही स्वतः मॉडेल बनवत असाल, तर तुमची मूळ फाइल वेगळी जपा. ‘काय, परत उलगडता येईल की’ असं म्हणून ती उडवू नका.

फाइल कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखायचं कसं? तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. या कुटुंबातल्या फाइल्स ‘सिमिसा’ या सहा अक्षरांनी सुरू होतात. त्यापुढे नुसती ॲट-चिन्हांची रांग असेल, तर फाइल दाबलेली नाही. सिमिसा, एक ॲट आणि मग एफ असेल, तर आत झेडलिब आहे. पुढचे ४ बाइट सांगतात की उलगडल्यावर आकार किती होणार, मग चार ॲट-चिन्हं, आणि बरोबर सोळा बाइटनंतर दाबलेला भाग सुरू. त्यानंतर दुसरं डोकं येतं, ‘जिंक्स’ने सुरू होणारं. त्यातलं आठवं अक्षर टी असेल तर मजकूर, बी असेल तर बायनरी.

फाइलचं नाव बदलून डॉट झिप केलं तरी ती उघडत नाही. पोटात तीच पद्धत आहे, पण वरचा कागद वेगळा आहे.

आता टूल्स. सगळ्यात जुनं टूल गेमसोबतच येतं. एमएसटीएसच्या युटिल्स फोल्डरमध्ये एफएफएडिट नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘एफएफएडिटसी युनिकोड’. काळ्या खिडकीत कमांड देऊन चालवायचं, बटणं नाहीत. दिसायला रुक्ष, पण टोकनचा तक्ता त्याच्याकडे आहे. नंतर हौशी लोकांनी बटणांवाली टूल्स बनवली. शेप फाइल मॅनेजर हे त्यातलं सगळ्यात सोपं: फाइल निवडा, कॉम्प्रेस किंवा अन्कॉम्प्रेस म्हणा, झालं. अख्खा मार्ग हाताळायचा असेल तर रूट रायटर. ते फोल्डरच्या फोल्डर एका वेळी करतं, शिवाय कुठली फाइल गहाळ आहे हेही शोधून देतं. शेप व्ह्यूअर मॉडेल फिरवून दाखवतं, बदल केल्यावर गेम चालू न करता तपासायला ते फार उपयोगी पडतं. ओपन रेल्सला यातलं काही लागत नाही, तो मजकूर, बायनरी, दाबलेली, तिन्ही शेप थेट वाचतो. म्हणजे नुसती गाडी चालवायची असेल तर या भानगडीत पडूच नका.

उघडायची कशासाठी मग? बहुतेक वेळा तीन-चार कारणं असतात. टेक्स्चरचं नाव बदलायचं: समजा एकाच फोल्डरमध्ये एका इंजिनाचे दोन रंग ठेवायचेत, एकावर पुणे शेड आणि एकावर कल्याण शेड. शेपची एक प्रत काढायची, उलगडायची, ‘इमेजेस’ ब्लॉकमधलं नाव बदलायचं. किंवा जवळ येईपर्यंत डब्याच्या खिडक्या सपाट दिसतात, तर ‘डीलेव्हल सिलेक्शन’मधला मीटरचा आकडा वाढवायचा, म्हणजे चांगला आकार लांबूनच दिसायला लागतो. किंवा चाकच फिरत नाही, आणि उघडून बघितलं तर त्या भागाचं नाव व्हील्स११ ऐवजी भलतंच असतं.

नाव बदलणं सोपं. काही वाढवणं किंवा काढणं मात्र जपून करा. प्रत्येक यादीच्या तोंडाशी मोजणी लिहिलेली असते, इमेजेस ३ म्हणजे पुढे तीनच. चौथं टाकलं तर आकडाही चार करावा लागतो. आणि बाकीची फाइल या वस्तूंना नावाने नाही, क्रमांकाने बोलावते, तोही शून्यापासून मोजून. मधला एक बिंदू काढला की त्याच्या मागचे सगळे एक-एक घर सरकतात, आणि इंजिनाच्या छतातून बफर बाहेर आलेला दिसतो.

सेव्ह करताना युटीएफ-१६. मूळ एमएसटीएसला तेच लागतं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल तशीच सेव्ह केली तर एन्कोडिंग टिकतं, पण मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये टाकला तर आजचं नोटपॅड युटीएफ-८ धरतं. फोनवरच्या एडिटरबद्दल तर जास्तच सावध राहा. आणि दाबलेली फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली असेल तर बंद करा, पण सेव्ह करू नका. बघितल्याने काही बिघडत नाही, सेव्ह केलं की संपलं, कारण एडिटर अनोळखी बाइट्स बदलून टाकतो.

बरं, संगणक नाहीये, फक्त फोन आहे, तर? थोडं करता येतं. टर्मक्समध्ये पायथन टाका. पायथनमध्ये झेडलिब आधीपासून असतं. फाइल बाइट्स म्हणून वाचायची, पहिले सोळा सोडून द्यायचे आणि उरलेले झेडलिबच्या डीकॉम्प्रेसला द्यायचे. दोन ओळींचं काम. हाती येणारा माल ‘जिंक्स’ने सुरू झाला की समजा जमलं. तो अजून बायनरीच असतो, टोकनचा तक्ता आपल्याकडे नाही. पण टेक्स्चरची नावं आणि भागांची नावं त्यात अक्षरांतच राहिलेली असतात, ती शोधता येतात. मला यातला खरा फायदा वेगळाच वाटतो: फाइल धड आहे का ते कळतं. डोक्यावर लिहिलेला आकार आणि उलगडल्यावरचा आकार जुळायला हवा. शिवाय झेडलिबच्या रचनेत शेवटी ४ बाइटची एक पडताळणी असते, ॲडलर-३२ नावाची, तिने आतला बिघाड पकडला जातो. पंधरा-वीस वर्षं जुन्या सीडीवरून मॉडेल उतरवत असाल, तर आधी हे करा. गेम बंद पडतो म्हणून आपण इंजिनाला दोष देत बसतो, आणि फाइल निम्मीच उतरलेली असते.

आता तो तिसरा अर्थ, टेक्स्चरचा. त्याबरोबर एक गैरसमजही काढून टाकू. “शेप कॉम्प्रेस केल्या की गेम स्मूथ चालतो” हे सर्रास ऐकायला मिळतं. चालत नाही. शेप मेमरीत आली की ती मजकुरातून आली की दाबलेल्या फाइलमधून, त्रिकोण तेवढेच, कार्डवरचं ओझं तेवढंच. फरक पडतो तो लोड होताना. मजकूर वाचून आकडे बनवायला वेळ लागतो, बायनरी पटकन वाचली जाते. २००१ मधल्या हळू हार्डडिस्कवर दाबलेली फाइल वाचायला कमी लागायची, तोही फायदा होता. आज एसएसडीवर तो फारसा जाणवणार नाही.

गाडी अडखळत असेल तर टेक्स्चरकडे बघा. तिथे डीएक्सटी१ नावाचं कॉम्प्रेशन असतं. चित्राचे ४ बाय ४ चे चौकोन पाडायचे, आणि सोळा ठिपक्यांचा एक चौकोन ८ बाइटमध्ये बसवायचा. ५१२ बाय ५१२ चं चित्र २४-बिट रंगात ७६८ केबी होतं, डीएक्सटी१ मध्ये १२८ केबी. आणि ग्राफिक्स कार्ड ते तसंच, न उलगडता वापरतं, म्हणून इथे मेमरी खरोखर वाचते. पण हे कॉम्प्रेशन रंग खातं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की बारीक अक्षरं पसरतात ना, तसं इंजिनावरचं शेडचं नाव पसरतं. आणि गेलेला तपशील परत येत नाही. डीएक्सटी१ टेक्स्चर उघडून, रंगवून, पुन्हा डीएक्सटी१ केलं की दुसऱ्यांदा खराब होतं. रीपेंट करणाऱ्यांनी मूळ चित्र पूर्ण रंगात ठेवावं आणि दाबणं अगदी शेवटी, एकदाच करावं. शेपला जी सवलत आहे, कितीही वेळा उलगडा, ती टेक्स्चरला नाही.

दुसऱ्या सिम्युलेटर्समध्ये काय आहे, तेही विचारलं होतं. कुजूचाच पुढचा गेम रेल सिम्युलेटर, २००७ चा, त्यातून रेलवर्क्स आणि मग आजचा ट्रेन सिम्युलेटर क्लासिक. तिथे सर्झ नावाचं टूल गेमसोबत मिळतं. डॉट बिन फाइल त्यावर ओढून टाकली की एक्सएमएल मिळतं, एक्सएमएल टाकलं की बिन. इंजिनाच्या सेटिंग्जसाठी मस्त आहे. पण खुद्द आकाराची फाइल सर्झ उलटी करून देत नाही. म्हणजे गंमत बघा, २००१ मधल्या मॉडेलचा आकार आज नोटपॅडमध्ये वाचता येतो आणि नंतरच्या गेममधला येत नाही. माझ्या मते एमएसटीएसची मॉडेल्स टिकण्यामागे हे मोठं कारण आहे. गेम बनवणारी टीम उरली नाही, पण वाचता येणारी फाइल आणि तिचा तक्ता लोकांच्या हातात राहिला.

आता शेवटचा प्रश्न, तोही तुमच्यातूनच आलेला: “उघडता येते म्हणजे बदलून वाटता येते का?” नाही. फाइल उघडणं ही तांत्रिक गोष्ट आहे, वाटणं ही परवानगीची. मॉडेलसोबत रीडमी असतो. बरेच जण लिहितात की रीपेंट चालेल पण शेप पुन्हा अपलोड करू नका. मग तुम्ही फक्त तुमची टेक्स्चर फाइल वाटा आणि मूळ मॉडेल कुठून घ्यायचं ते सांगा. रीडमीच नसेल तर बनवणाऱ्याला गाठून विचारा. तो सापडलाच नाही, तर केलेला बदल स्वतःच्या मशीनवर वापरा. शेपमध्ये दुसऱ्याचं नाव काढून स्वतःचं टाकणारेही भेटतात. ते उलगडलेल्या फाइलमध्ये सहज दिसतं, कारण बिंदू अन् बिंदू तोच असतो.

पुढच्या भागात डॉट एन्ग फाइल उघडू आणि घाटात ब्रेक का लागत नाहीत ते बघू. तोवर डाउनलोड केलेली मूळ झिप डिलीट करू नका, मी तिच्यावरच दाखवणार आहे.